फिजिओथेरपिस्ट सरांना आभारपत्र: योग्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवल्याबद्दल

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपले नाव जाहीरपणे लिहू नये असे आपण बजावले आहे, म्हणून ते टाळते. परंतु सासूबाईंना पक्षाघात झाल्यानंतर आपण जे केलेत, त्याबद्दलचे आभार चारचौघांत मानल्यावाचून राहवत नाही. घरी येऊन व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्टनेच ‘यांना माझ्याआधी पीएमआरच्या, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या पुनर्वसनाच्या विषयातल्या डॉक्टरांनी तपासायला हवे’ असे सांगावे, हे आम्हाला अगदीच अनपेक्षित होते. त्यात आपले नुकसान होते, हे काय आम्हाला कळत नव्हते?

रुग्णालयाने घरी सोडताना कागदावर ‘फिजिओथेरपी सुरू ठेवावी’ एवढी एकच ओळ लिहिली होती. आईंची डावी मूठ इतकी घट्ट आवळलेली असे, की नखे तळव्यात रुतत आणि आतली त्वचा धड पुसताही येत नसे. आपण बोटे ओढली नाहीत. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवलेत, अंगठा मुळाशी धरून अलगद बाजूला घेतलात आणि मूठ सैल झाली. मग त्यांना चालवून पाहिलेत. पाऊल आत वळून चवडा उंबरठ्याला अडतो, हे आपल्या लगेच लक्षात आले. हा ताठरपणा मेंदूला झालेल्या इजेमुळे आहे, तो नुसत्या व्यायामाने आटोक्यात येणार नाही, आणि औषधे, इंजेक्शन, स्प्लिंट (हात-पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) व व्यायाम या सगळ्यांचा मेळ एका डॉक्टरांनी घालायला हवा, हे आपण आम्हाला न घाबरवता समजावलेत.

एमबीबीएसनंतर पीएमआर या विषयात तीन वर्षांचे एम.डी. किंवा डी.एन.बी. करता येते, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. या विषयाची केंद्र सरकारची संस्था मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून आहे, तरी इंदूरमध्ये चौकशी केली की कोणी हाडांच्या डॉक्टरांचे नाव सुचवी, तर ‘रिहॅब’ म्हटल्यावर एका सद्गृहस्थांनी चक्क नशामुक्ती केंद्राचा पत्ता दिला. पाटीवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा खालची पदवी वाचा, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदणीत नाव तपासा आणि जवळ कोणी नसेल तर भोपाळच्या एम्समध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे जा, हा आपला सल्ला आम्ही तंतोतंत पाळला.

आपण लिहून दिलेला कागद अजून फाइलीत आहे. डिस्चार्ज कार्ड, एमआरआयच्या फिल्म, चालू गोळ्यांची यादी, समोरून आणि बाजूने काढलेला चालण्याचा व्हिडिओ. आणि सर्वांत खाली ‘काकूंना स्वतःला काय करायचे आहे ते त्यांनाच विचारा’. तोवर हे कोणी विचारलेच नव्हते. आई म्हणाल्या, न्हाणीघरात एकटीने जायचे आहे आणि पोह्यांसाठी कांदा चिरायचा आहे. भोपाळच्या डॉक्टरांनी हीच दोन वाक्ये केसपेपरवर उतरवून घेतली. बोटांची बारीक हालचाल पूर्ववत होईल असे आश्वासन देता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि मला तो स्पष्टपणा फार आवडला.

ताठर स्नायूंत ते सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिन या औषधाची इंजेक्शने दिली; त्यांचा परिणाम साधारण तीन-चार महिनेच टिकतो, तेवढ्या अवधीत व्यायाम जोमाने करून घ्यायचा, म्हणून त्यांनी आईंना पुन्हा आपल्याचकडे सोपवले. पायाला स्प्लिंट आला, आता चवडा अडत नाही. तळवा रोज धुता येतो. विळीवर बसणे जमणार नाही, तेव्हा रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी सुचवल्याप्रमाणे सुताराकडून स्टीलचे खिळे बसवलेली फळी करून घेतली; खिळ्यांत कांदा रोवून आई एका हाताने चिरतात. फोडी जाडच होतात, पण त्यावर बोलण्याची कोणाची छाती नाही.

व्यायामाला कंटाळल्या की आपण त्यांना वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गिस यांची हकीकत सांगत असा. १९५४ च्या अपघाताने कमरेखालचे अंग लुळे पडल्यावरही चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या, पुढे न्यूयॉर्कला याच विषयाचे शिक्षण घेऊन आलेल्या त्या बाई. आई शाळेत शिकवत असत, त्यामुळे आता येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच हकीकत सनावळीसकट त्या ऐकवतात.

पुढच्या महिन्यात भोपाळला पुन्हा तपासणी आहे. त्याआधी आपण एकदा नवा व्हिडिओ पाहून द्यावा, ही विनंती. आणखी एक: रात्री बांधायचा मनगटाचा स्प्लिंट आई पहाटे गुपचूप काढून उशीखाली ठेवतात. आम्ही सांगितले तर ऐकत नाहीत, तेव्हा या बुधवारी आपणच त्यांना दोन शब्द सुनवावेत.

आपली नम्र,
आपल्या काकूंची सून
राजेंद्रनगर, इंदूर