तापीत पाणी, जॅकवेलमध्ये गाळ: पालकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पालकमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतरच्या पाहणीत नदीतून पाणी आत घेणाऱ्या इनटेक टॉवरच्या पुलावर उभे राहून आपण शब्द दिला होता की खालची दोन्ही गेटं आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत दुरुस्त होतील. आखाजी होऊन गेली, गेटं जागची हललेली नाहीत. नळ मात्र चौथ्या दिवसावरून आठव्या दिवसावर गेला. आणि परवाच्या बैठकीत कारण काय सांगितलं, तर तापीत पाणी कमी आहे!

साहेब, बॅरेजच्या फुगवट्यात पाणी आहे. ते जॅकवेलमध्ये, म्हणजे पंपाच्या विहिरीत, येत नाही, एवढंच.

टॉवरला वेगवेगळ्या पातळीवर दारं, म्हणजे ही गेटं, ठेवतात ती हौस म्हणून नव्हे. पुरात तळाशी गाळ वाहतो, तेव्हा वरचं दार उघडायचं. उन्हाळ्यात पातळी उतरली की मधलं, मग खालचं. वर शेवाळ धरलं तरी दार बदलायचं. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच वरचं दार चालवलं. खालची गेटं महिन्यातून एकदा पूर्ण उघडून बंद करायची आणि स्पिंडलला (गेट वर-खाली करणाऱ्या दांड्याला) ग्रीस द्यायचं, हे साधं काम झालं नाही. गाळ गेटच्या खाचेत घट्ट बसला, कोणीतरी चाकाला पाइप लावून जोर केला आणि स्पिंडल वाकला. आता पातळी वरच्या दाराच्या उंबऱ्यावर आली आहे. जाळीच्या गजांत जलपर्णी अडकलेली, आणि टॉवरपासून जॅकवेलपर्यंतचा जोडपाइप गाळाने निम्मा भरलेला.

याचा परिणाम हिशेबातच पाहा. समजा जॅकवेलचा व्यास 6 मीटर, म्हणजे एक मीटर उंचीत साधारण 28 हजार लिटर पाणी. पंप तासाला 2 लाख लिटर उपसतो, आत येतं 1 लाख 20 हजार. पातळी वीस-एकवीस मिनिटांत एक मीटर खाली. बेलमाउथवर (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर) पुरेसं पाणी उरलं नाही की भोवरा होतो, पंप हवा ओढतो आणि थरथरतो. ऑपरेटर तो बंद करतो, विहीर भरायची वाट पाहतो, पुन्हा चालू करतो. गाळमिश्रित पाण्याने इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) आणि शाफ्टचे बेअरिंग झिजतात ते वेगळंच. मग निवेदन येतं: 'तांत्रिक बिघाडामुळे पंप जळाला.' नवा पंप मंजूर होतो, जास्त हॉर्सपॉवरचा! तो तीच विहीर आणखी लवकर कोरडी करतो. वा रे नियोजन.

दरवर्षीचा दुसरा उपाय म्हणजे पोकलेन लावून पात्रात चारी खोदायची. पहिल्या पुरात ती बुजते, पुढच्या उन्हाळ्यात नवं बिल. गेटची दुरुस्ती एकदाच होते, चारी दरवर्षी. कोणाला काय परवडतं, ते आम्ही सांगायला नको.

आठ दिवसांचं पाणी साठवायला घरोघरी ड्रम भरून ठेवलेत. त्यात डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून नोटिसा आम्हालाच. 43-44 अंशांत बाया टँकरमागे धावतात, विकतच्या पाण्याला मजुरीतला वाटा जातो, आणि पाणीपट्टी पूर्ण वर्षाची. दिवसाआड पाण्याच्या दराने बिल आणि आठवड्याच्या हाटासारखं पाणी!

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटरचं वचन. 2024 ची मुदत टळून 2028 झाली. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या तरी नवीन नळांना हवाच येते. असेल आकडा थोडा इकडेतिकडे, आपल्या पोर्टलवर तर शंभर टक्के आहे. तोट्या मोजल्या, इनटेक कोणी मोजलं नाही. गिरणाकाठी तर वाळू इतकी उपसली की पात्र खाली गेलं आणि विहिरींचे जोडपाइप वर लटकले. वाळूच्या गाड्या रात्री कोणाच्या आशीर्वादाने जातात, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तापीवरचं पाडळसरेचं धरण नव्वदच्या दशकापासून बांधायचं चाललंय. प्रत्येक निवडणुकीत त्याला पाणी सुटतं, भाषणातलं.

असो. मागणी लहान आहे. पातळी सर्वांत खाली असते ती आत्ताच, पावसाच्या आधी. खाचेत स्टॉपलॉग (पाणी अडवणाऱ्या फळ्या) टाका, टॉवर रिकामा करा. आत माणूस उतरवण्याआधी ब्लोअरने हवा खेळवा आणि गॅस तपासा; गाळात विषारी वायू साठतो. जेटिंगने (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने) गाळ सैल करून स्लज पंपाने काढा. स्पिंडल, पितळी नट आणि सील बदला. जोडपाइप साफ करा. तोवर तराफ्यावर पंप बसवून लवचिक होजने पाणी थेट जॅकवेलमध्ये सोडा. साहित्य हाताशी असेल तर हे पंधरवड्याचं काम आहे. एकदा तापीला पूर आला की वर्ष गेलं.

नवीन टॉवरचा प्रस्ताव, सल्लागार, ड्रोन सर्वेक्षण यातलं काही नको. स्पिंडलची ऑर्डर कोणत्या तारखेला दिली, आणि दिली नसेल तर फाइल कोणाच्या टेबलावर आहे, एवढं लेखी कळवा. उत्तर मिळेपर्यंत पाणीपट्टीचं पुढचं बिल आम्ही भरणार नाही.

आपले,
तापीकाठचे नळधारक