गोरज मुहूर्त आणि साहेबाचा शिक्का

फोंडा

चि. बाय हिस, अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, तुझ्या घरमालकीणबाई सांगतात की पोर्तुगालच्या त्या हुकूमशहाने, सालाझारने, स्वतःसाठी काही जमवलं नाही. ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

बाई खोटं बोलत नाहीत. माणूस शेवटपर्यंत साधा राहिला. जन्म १८८९चा, विमिएइरो नावाच्या खेड्यातला. बाप जमीनदाराच्या शेतीवर देखरेख करायचा. पोरगा पाद्री होण्यासाठी विझेउच्या सेमिनरीत आठ वर्षं शिकला, पण पाद्री न होता १९१० साली तुझ्याच कोइंब्रात कायदा शिकायला आला आणि पुढे तिथेच अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. ज्या पायऱ्या तू रोज चढतेस, त्याच तोही चढला असेल.

त्याने सत्ता हिसकावून घेतली नाही गं, त्याला बोलावून दिली. राजेशाही गेल्यावरच्या सोळा वर्षांत तिथे चाळीसहून जास्त सरकारं आली नि गेली. १९२६ मध्ये लष्कराने उठाव केला, पण तिजोरी काही त्यांना सावरता येईना. प्राध्यापकाला अर्थमंत्री केलं, तर हवे ते अधिकार मिळत नाहीत म्हणून तो थोड्याच दिवसांत कोइंब्राला परतला. १९२८ मध्ये पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा त्याने अट घातली : कुठल्याही खात्याचा खर्च माझ्या मंजुरीशिवाय होणार नाही. ती मान्य झाली. मला विचारशील तर हुकूमशाही त्याच दिवशी आली. लोकांना मात्र वाटलं, चला, हिशेब तरी लागेल. आणि तो लागलाही! कर वाढवले, खर्च कापला, वर्षभरात तूट जाऊन शिल्लक पडली. मग त्याला कोण अडवणार? १९३२ मध्ये पंतप्रधान. १९३३ मध्ये नवी राज्यघटना जनमताला टाकली, तर मत द्यायला न आलेलेही होकारात धरले. गुप्त पोलीस त्याच वर्षीचे. तो खुर्चीवरून उतरला थेट १९६८ मध्ये, तेही मेंदूच्या आजाराने.

आता कपाटातली आजीच्या लग्नाची पत्रिका आठव. लहानपणी तू तिच्यावरच्या गणपतीवरून बोट फिरवायचीस. सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे. आजीचे वडील मजकूर घेऊन कचेरीत गेले, तर साहेब 'गोरज मुहूर्त' या शब्दांवर अडला. ही कसली गुप्त खूण? गुरं घरी परततात ती वेळ, हे त्यांनी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये सांगून पाहिलं. तीन खेपा झाल्या, तेव्हा कुठे शिक्का पडला. साहेबाने लाच मागितली नव्हती, हेही आजी आवर्जून सांगते.

पत्रिकेचा फोटो पाठवतेय. बाईंना दाखव, आणि गोरज म्हणजे काय ते तूच समजावून सांग. तुझं पोर्तुगीज पणजोबांपेक्षा बरं आहे.

तुझी,
आई