चोर 'तो' आणि अध्यक्ष 'ते'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान 3 वर दोन बातम्या शेजारी शेजारी लागल्या आहेत. डावीकडे 'सराईत चोरटा जेरबंद'. अंबड औद्योगिक वसाहतीतून 14 किलो तांब्याची तार नेणाऱ्या पोराच्या पोलिसांनी 'मुसक्या आवळल्या', 'त्याने' कबुली दिली, 'त्याला' कोठडी मिळाली. फोटोत दोन पोलिसांच्या मध्ये मान खाली घालून उभा. उजवीकडे 'माजी अध्यक्षांना दिलासा'. पतसंस्थेतील 'कथित अनियमितते'प्रकरणी जामिनावर असलेल्या अध्यक्षांना मुलीच्या पदवीदान समारंभासाठी परदेशी जाण्याची परवानगी मिळाली, 'त्यांचे' पारपत्र 'त्यांना' परत मिळणार. फोटो इथेही आहे, पण कुठल्याशा सत्कारातला. खांद्यावर शाल, हातात नारळ.

माझी शंका व्याकरणाची आहे. तार नेली की माणूस 'तो' होतो आणि लोकांच्या ठेवी नेल्या की 'ते' राहतो, हा नियम कोणत्या इयत्तेत शिकवतात? गुन्हा तर अजून दोघांवरही शाबीत झालेला नाही. मग 'कथित' एकाच्याच वाट्याला का? एकाने चोरी केली, दुसऱ्यांकडून अनियमितता झाली. जणू रोजचे औषध घ्यायचे राहून गेले. मल्ल्या, नीरव मोदी यांना मात्र आपण सर्रास एकेरीत लिहिता. म्हणजे माणूस देश सोडून पळाला तरच एकेरी, इथेच गंगापूर रोडला राहिला तर अनेकवचनी!

उजवीकडच्या बातमीतल्या ठेवीदारांपैकी मी एक. (बातमीत आमची नावे नसतात. आम्ही नुसते 'संतप्त' असतो.) 2014 साली नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत रोज सुटताना झडती दिली. त्याचे कधी वाईट वाटले नाही, नोटा छापणाऱ्याची झडती घ्यायलाच हवी. 2021 मध्ये पाच लाखांच्या नोटांचा हिशेब लागेना तेव्हा आत केवढे वादळ उठले, ते नाशिकरोडकरांना आठवत असेल. माझ्यानंतरची पोरे चौकशीला जाऊन जाऊन थकली आणि शेवटी निघाले काय, तर त्या नोटा आतच नष्ट झाल्या होत्या, चोरी नव्हतीच. पाच लाखांसाठी एवढे. आमच्या पतसंस्थेचे 23 कोटी गेले, तेव्हा संचालक मंडळातल्या एकाचाही खिसा कोणी चाचपला नाही. जिल्हा उपनिबंधक कार्यालयातून पत्र गेले, मग स्मरणपत्र, मग लेखापरीक्षण, मग फेरलेखापरीक्षण. सहकार कायद्यातल्या कलम 83 ची चौकशी झाली की कलम 88 खाली जबाबदारी निश्चित करतात, असे तिथल्या बाबूंनी मला नीट समजावून सांगितले. माणूस सज्जन होता. मला 83 पासून 88 पर्यंत पोचायला चार वर्षे लागली.

माझे 6 लाख 40 हजार होते. बँकेपेक्षा व्याज जास्त, ज्येष्ठांना आणखी अर्धा टक्का. लोभ म्हणाल तर लोभ, कबूल आहे. पाटीवर 'सहकारी' हा शब्द इतका मोठा होता की बँक आणि पतसंस्था यांतला फरक डोक्यात आलाच नाही. बँक बुडाली तर विम्याचे पाच लाखांपर्यंत मिळतात, पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. हे मला कुलूप लागल्यावर कळले. शेजारच्या मास्तरांना तर अजून पटत नाही, ते म्हणतात अर्ज चुकीच्या खिडकीवर दिला असशील.

आता शिक्षा कोणाला झाली ते सांगतो, कारण शिक्षा झाली आहे. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा आमच्या कॉलनीतलाच मुलगा. रोज साडेसातला यायचा, गळ्यातल्या मशिनमधून फर्रकन पावती काढायचा, अर्धा कप चहा घ्यायचा. संस्थेला कुलूप लागले त्या संध्याकाळी अध्यक्षांच्या बंगल्यावर कोणी गेले नाही, सगळे या पोराच्या दारात. मीही होतो. लोकांनी त्याची कॉलर धरली. पोलिसांनी दोन दिवस त्याला ठाण्यात जमिनीवर बसवून ठेवले, कारण पावत्यांवर सही त्याची. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचे 22 हजार त्याने स्कूटर विकून फेडले. एक रुपया खाल्ला नव्हता त्याने, हे आज सगळे मान्य करतात. तो आता नाशिकरोड ते सीबीएस बसस्थानक शेअर रिक्षा चालवतो. माझ्याकडून भाडे घेत नाही. मी पैसे पुढच्या काचेपाशी ठेवून उतरतो.

एका तारखेला मी न्यायालयात गेलो होतो, याच रिक्षाने. व्हरांड्यातल्या बाकावर दोन पोलीस आणि त्यांच्यामध्ये एक विशीतला मुलगा. पोलिसाने त्याच्या बोटांत आपली बोटे अडकवून धरलेली, जत्रेत लहान मुलाचा हात धरावा तशी. नाशिकरोड स्थानकावर मोबाइल चोरल्याचा आरोप. त्याची आई माझ्या शेजारी उभी होती. म्हणाली, जामीन कधीच झालाय हो, पंधरा हजारांचा, पण जामीनदार कोण राहणार आमच्यासाठी? पाच महिने पोरगा आत होता. तेवढ्यात अध्यक्ष आले. सोबत वकील, वकिलांचे दोन कनिष्ठ, आणि पाण्याची बाटली धरायला एक वेगळा माणूस. बाकावरचा एक पोलीस उठला आणि म्हणाला, "बसा साहेब." ते बसले. मग माझ्याकडे लक्ष गेले. "काय काका, तब्येत काय म्हणते?"

तीन वर्षे मी घोकून ठेवले होते की हा भेटला की काय बोलायचे. घरी म्हणूनही दाखवले होते. प्रत्यक्षात तोंडातून निघाले, "बरी आहे साहेब." पुढची तारीख पडली आणि ते निघूनही गेले. मुलगा तिथेच होता.

कायद्यात कमी आहे असे मला वाटत नाही. साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षे, फसवणुकीला सात. ठेवीदारांसाठी राज्याचा 1999 चा खास कायदा आहे, त्यात सहा वर्षे आणि मालमत्ता जप्तीची तरतूद. दंड मात्र लाखापर्यंतच, तो अध्यक्ष त्या बाटलीवाल्याच्या पगारातून भरतील. कागदावर बघाल तर मोबाइलवाल्यापेक्षा अध्यक्षांनाच जास्त शिक्षा. पण ती कागदावरून उतरून बाकापर्यंत यायची तर मध्ये लेखापरीक्षक, अवसायक (संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी), उच्च न्यायालयातली स्थगिती आणि आयत्या वेळी छातीत दुखणे, इतके थांबे आहेत. मोबाइलवाल्याला एकही थांबा नाही, त्याची गाडी थेट जेल रोडला. त्यात 2024 च्या जुलैपासून कलमांचे आकडेही बदलले, 420 चे 318 झाले. निदान शिवी म्हणून तरी 'चारसो बीस' कामी यायचे, तेही गेले. आणि परदेशी गेलेले अध्यक्ष परतलेच नाहीत, तर 'फरार आर्थिक गुन्हेगार' म्हणायचीही पंचाईत, कारण 2018 चा तो कायदा 100 कोटींपासून पुढे लागतो. आम्ही 23 कोटींचे. दारिद्र्यरेषेखालीच म्हणायचे.

तेलगीचे उदाहरण कोणी देईल म्हणून आधीच लिहितो. आमच्या शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रे मिळवून त्याने बनावट मुद्रांक छापले, तीस वर्षांची सक्तमजुरी झाली, तुरुंगात असतानाच 2017 मध्ये मेला. बरोबर. पण नाशिकच्या न्यायालयात त्याच्यावर जो खटला होता त्याचा निकाल 2018 च्या डिसेंबरात लागला, आणि त्यात पुराव्याअभावी तो निर्दोष सुटला. मेल्यावर वर्षाने! सुटका ऐकायलाही माणूस उरू नये, इतका उशीर. आमचा निकाल ऐकायला कोण उरेल, याचा हिशेब मी करतो आहे. ठेवीदार समितीत आम्ही 41 जण होतो, आता 33 आहोत.

मी जेल रोडला राहतो, सकाळचा फेरा कारागृहाच्या भिंतीवरूनच असतो. आमचा गणपती दर वर्षी तिथूनच येतो, शिक्षा झालेले बंदी शाडूच्या सुबक मूर्ती करतात. विक्री केंद्रावरच्या हवालदारांना मी एकदा विचारले, यात एखाद्या बँकेच्या, पतसंस्थेच्या माणसाच्या हातची मूर्ती आहे का? ते हसले, उत्तर दिले नाही.

आता राहिले आपले दैनिक. कुलूप लागायच्या आधी सहा महिने याच अध्यक्षांच्या वाढदिवसाची पूर्ण पानाची रंगीत जाहिरात आपण छापली होती. 'सहकारमहर्षी', 'ठेवीदारांचा आधारवड' वगैरे. ती तारीखवार सांगू शकतो, कारण कागद जाड होता म्हणून मी त्याचेच कव्हर पासबुकाला घातले होते. ते अजून तसेच आहे. पासबुक उघडायचे तर आधी त्यांचा चेहरा बघावा लागतो. जाहिरातीचे पैसे आमच्याच ठेवीतून आले असणार, तेव्हा आपणही कलम 88 खाली येता का हे त्या सज्जन बाबूंना विचारायला हवे. गंमत केली, राग नसावा.

आणि विषय निघालाच आहे तर, गोदावरीतल्या पाणवेलींविषयीचे माझे मागचे पत्र आपण निम्मे कापून छापलेत, वर नावाखाली 'जेल रोड'ऐवजी 'सातपूर' टाकलेत. सातपूरच्या मेहुण्यांना त्यावरून तीन फोन आले. हे पत्र कापायचेच असेल तर कायद्याचा भाग कापा. रिक्षावाल्याचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार,
जेल रोड (सातपूर नव्हे), नाशिकरोड

ता. क. – पाठवण्यापूर्वी पत्र सौ.ना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, तुम्हीही सगळीकडे 'अध्यक्ष आले', 'ते बसले' असेच लिहिले आहे. खरे आहे. कृपया 'आला', 'बसला' असे करून छापावे. मी दोनदा प्रयत्न केला, हात वळत नाही.