दिवे बंद कारखान्यातला माणूस गेला कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात चीनच्या 'डार्क फॅक्टरी'वर पानभर लेख होता, फोटो झकास, पण अख्ख्या पानात कामगार एकपण नाही. माणूसच नाही म्हणून तिथं दिवे लावत नाहीत हे समजलं, पण तो माणूस गेला कुठं?

२०२४ साली जगात जेवढे इंडस्ट्रियल रोबो नव्याने बसले त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये, २ लाख ९५ हजाराच्या आसपास. आणि घर खेड्यात पण पोट मजुरीवर असे लोक, ज्यांना तिकडं नोंगमिनगोंग म्हणतात, ते जवळजवळ ३० कोटी. सरासरी वय ४३ च्या वर.

रोबो वाईट असं माझं म्हणणं नाही. आमच्या इचलकरंजीत पण चायनाचे रॅपियर लूम आलेत, जुन्या मागाचा खडखडाट ज्यानं ऐकलाय तो काही रडणार नाही. तिकडची तरुण पोरं पण कारखान्याच्या लाईनवर उभं राहायला तयार नसतात, त्यापेक्षा डिलिव्हरीची स्कूटर बरी म्हणतात. मार बसतो तो पन्नाशीच्या माणसाला, ज्याची वीस वर्षं डोंगग्वान नाहीतर शेन्झेनच्या लाईनवर गेली, आणि त्या डोंगग्वानमध्ये तर २०१४ पासून माणसाच्या जागी मशीन बसवायला सरकारनेच सबसिडी दिली.

खरी गोम आहे हुकौमध्ये, म्हणजे तिकडच्या घरनोंदणीत. १९५८ चा नियम, आपल्या रेशनकार्डासारखं समजा, पण सगळंच त्याला बांधलेलं. नाव गावच्या दप्तरात, मग तुम्ही मोठ्या शहरात जन्म घालवा, पोरांची शाळा, म्हातारपणाची पेन्शन बहुतेकांना गावचीच, म्हणून तर पोरं आजीआजोबांकडं सोडून यावं लागतं. आणि गावची पेन्शन म्हणजे २०२५ मध्ये सरकारनं ठरवलेली किमान रक्कम महिन्याला १४३ युआन, आपले १७०० रुपये धरा. शहरातला रिटायर कामगार हजारांत घेतो. ६० कोटी लोकांची महिन्याची कमाई १००० युआनच्या आसपास आहे हे २०२० मध्ये खुद्द तेव्हाचे पंतप्रधान ली कछ्यांग बोलले होते, म्हणजे हे कुणा विरोधकाचं म्हणणं नाही.

तेव्हा पुढच्या लेखात रोबोचा फोटो जरा लहान केलात तरी चालेल, शेजारी हनान नाहीतर सिचुआनच्या एखाद्या गावातला, परत आलेल्या माणसाचा फोटो टाका.

आपला,
एक जुना वर्गणीदार, इचलकरंजी