ती कावीळ नव्हती

कॉन्स्टान्झ, 18 जानेवारी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण नीट चाललंय. व्हिडिओत चेहरा उतरलेला दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळे.

आई, बाबांचं अंग पिवळं पडलं, लघवी केशरी झाली आणि तू काविळीच्या धास्तीने रात्रभर जागलीस. अगं, तो डोळ्यांच्या तपासणीत टोचलेला फ्लुओरेसीन नावाचा रंग. हाताच्या शिरेत टोचला की दहा-पंधरा सेकंदांत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. मग निळा प्रकाश टाकतात. रंग तो शोषतो, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेली हिरवट-पिवळ्या उजेडाच्या रूपाने परत येते. सेकंदाच्या काही अब्जांश भागात आटपतं सगळं. दिवा विझला की चमकही गेली. कॅमेऱ्यापुढची काच निळा प्रकाश अडवते, म्हणून फोटोत रंग भरलेल्या शिराच तेवढ्या उजळतात. साखरेने एखादी शीर पाझरत असेल तर तिथे डाग पसरताना दिसतो. बाकीचा रंग मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत बाहेर टाकतात. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हणजे मीच. दिवसभर याच उजेडात तर काम करते. (आणि अंधाऱ्या खोलीत बसून माझे डोळे जात नाहीत, हे कितव्यांदा सांगू?)

हा रंग 1871 मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी इथेच, जर्मनीत बनवला. आमच्या जवळच इमेंडिंगनला डॅन्यूब नदी चुनखडकात गडप होते. 1877 साली तिच्यात दहा किलो रंग ओतला, तर साठेक तासांनी बारा किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्याचं पाणी हिरवं! काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी जमिनीखालून ऱ्हाईनला मिळतं, हे असं पकडलं. बाबांची तपासणी होती त्या दिवशी मी तोच झरा बघायला गेले होते. फोन बॅगेत राहिला.

सर्दीचं म्हणशील तर दोष खिडक्यांचा. इथे ऐन थंडीत, बाहेर शून्याखाली असताना, घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडतात. फट ठेवलेली चालत नाही, सताडच. पाच-दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. त्याआधी हीटर बंद करायचा, मग खिडक्या लावून परत चालू. नाहीतर भिंतींना बुरशी धरते म्हणे. भाडेकरारातसुद्धा लिहिलंय. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या की तब्येतीआधी हेच विचारतात.

मी साठ हजार पाठवलेत, ते डोळ्यांच्या लेझरसाठी आहेत. बाबा, एफडीत टाकू नका. कर्जाचा हप्ता मी भरलाय. एप्रिलचं तिकीट अजून काढलेलं नाही, फार महाग आहे, बघते. नाशिकच्या स्थळाला सरळ नाही म्हणू नकोस आई, पण हो पण म्हणू नकोस. मुलाशी एकदा मीच बोलेन, मावशीला मध्ये घालू नकोस.

पुढच्या तपासणीची तारीख आधी कळव. त्या दिवशी फोन हातातच ठेवीन.

तुमची,
छकुली