उंबराला औषध मारणाऱ्यांसाठी

संपादक साहेब, नमस्कार.

मुलांच्या पानावर परवा सहजीवनावर लेख आला होता, चांगला होता, पण उदाहरणं तीच आपली नेहमीची, म्हैस आणि बगळा, मगर आणि तिचे दात साफ करणारा पक्षी (ही मगरीची गोष्ट हेरोडोटसच्या काळापासून चालत आलीय, पक्का पुरावा काही मिळालेला नाही). एवढं लांब कशाला जायचं, दारातलं उंबर बघा ना.

आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीत पार्किंगला लागून जुना उंबर आहे. खाली लाल उंबरांचा सडा, गाड्यांवर डाग, पाय घसरतो, सगळं मान्य. पण गेल्या महिन्यात कुणीतरी एक उंबर फोडलं, आतून चिलटं उडाली आणि झालं, झाड किडलंय म्हणून कमिटीने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून पंप मारून घेतला, मला कळेपर्यंत उरकलं पण होतं.

अहो झाड किडलेलं नाही, ते असंच असतं! उंबर फोडून केंबरं उडवू नयेत असं आमची आजी म्हणायची, तीच ही केंबरं. उंबर म्हणजे एक बंद पिशवी, शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या बाजूला, म्हणून तर कधीमधीच दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. तिथे मधमाशी पोचणार कशी? तिथे शिरते ती जेमतेम दोन मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली मादी, तेही पिशवीच्या तोंडाच्या बारीक भोकातून, आणि ते इतकं चिंचोळं की शिरताना तिचे पंख तुटतात. मी भिंगातून बघितलंय, कोवळ्या उंबराच्या तोंडाशी पंख अडकलेले दिसतात. आत गेली की अंगावरचे परागकण फुलांना लागतात, काही फुलांत ती अंडी घालते, बाकीच्यांत बी धरतं, आणि ती तिथेच मरते. मग तिची पिल्लं आत वाढतात. नरांना पंखच नसतात, माद्यांशी मीलन झालं की भिंत पोखरून बाहेरची वाट करून द्यायची आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्या वाटेने माद्या पराग घेऊन उडतात.

आता मुद्दा असा की ही मादी जगते फार तर एक-दोन दिवस. तेवढ्यात तिला दुसरं कोवळं उंबर सापडायला हवं, वड किंवा पिंपळ चालत नाही, त्यांचे किडे वेगळे. म्हणून आसपास चार उंबर असावे लागतात. आणि किडा मेला तर परागीभवन नाही, मग बरीचशी उंबरं कच्चीच गळतात, म्हणजे ज्या कचऱ्यासाठी एवढा खटाटोप केला तो काही थांबत नाही. शिवाय तांबट, बुलबुल, राखी धनेश, रात्री वटवाघळं, सगळे ह्याच फळांवर येतात, औषध त्यांच्याही पोटात जाणार ना?

आता झाडच तोडायचं चाललंय. महाराष्ट्रात 1975 चा झाडांचा कायदा आहे, शहरात परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे मी तोंडी सांगून दमलो. रविवारी मीटिंग आहे. त्याआधी पत्र छापलंत तर कात्रण लिफ्टमध्ये चिकटवीन, माझं नाही तरी पेपरचं वाचतील.

आपला जुना वाचक,
पुणे