होल्टर तालुक्यापर्यंत पोहोचावा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

गेल्या खरिपात कपाशीवर फवारणी करता करता माझे वडील अचानक बांधावर बसले. त्यांना मधुमेह आहे. छातीत दुखले नाही; फक्त दम लागला आणि जबडा जड झाला. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी नॉर्मल आला आणि पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, कारण साधा ईसीजी ही जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते आणि ती माणूस निवांत पडलेला असताना घेतली जाते. वडिलांच्या हृदयाला रक्त कमी पडत होते ते पाठीवर सोळा लिटरचा पंप असताना.

पुढे जिल्ह्याच्या गावी खासगीत त्यांना चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून कामे करता करता सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र, लावला. छातीवरचे केस काढून इलेक्ट्रोड चिकटवले, कमरेला डबी अडकवली आणि हाती एक वही दिली. वडिलांनी वहीत लिहिले, ‘9.40, पंप घेतला, दम.’ नेमक्या त्याच वेळी आलेखातली एसटी रेषा, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडले की खाली सरकू शकणारा ईसीजीचा भाग, दोन मिलिमीटर खाली उतरली होती आणि पंप खाली ठेवल्यावर काही मिनिटांत ती जागेवर आली. नंतरची अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली; होल्टरचे पैसे मात्र आम्ही खिशातून भरले.

ज्यांच्या नावाने हे यंत्र ओळखले जाते, त्या नॉर्मन होल्टर यांचे सुरुवातीचे यंत्र सुमारे 38 किलोंचे होते आणि ते पाठीवर वाहावे लागे. आज ते शर्टाखाली मावते. म्हणून प्रत्येक उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयात एसटी रेषा वाचू शकणारे, एकाहून अधिक लीडचे (म्हणजे हृदयाची नोंद एकाहून अधिक बाजूंनी घेणारे) होल्टर ठेवावेत, आणि तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणीत ज्यांना मधुमेह आढळतो व श्रमाने दम लागतो, त्यांना ते आधी लावावेत, ही माझी विनंती आहे. ज्याला बसल्या जागी दुखते आहे, त्याला अर्थातच होल्टर नव्हे, 108 हवी.

कोणी मनगटी घड्याळे वाटण्याची योजना सुचवली, तर कृपया थांबावे. घड्याळाचा हिरवा प्रकाश नाडी मोजतो आणि त्यातला एका लीडचा ईसीजी अनियमित ठोके पकडायला बरा आहे. हृदयविकाराचा झटका त्यातून ओळखता येत नाही, हे ॲपलसारखी कंपनी स्वतःच सांगते. उलट होल्टरवरही नुसती कूस बदलली तरी एसटी रेषा हलू शकते, त्यामुळे यंत्राच्या इशाऱ्यावर विसंबून चालणार नाही. जिल्हा रुग्णालयातील फिजिशियनने नोंद वाचून दुसऱ्या दिवशीपर्यंत तालुक्याला उत्तर द्यावे, अशी जबाबदारी लेखी ठरवून द्यावी लागेल.

आणखी एक बारीक गोष्ट. इलेक्ट्रोड एकदाच वापरायचे असतात आणि ऑगस्टच्या घामात ते सुटतात. वडिलांचे दोनदा बदलावे लागले. तेव्हा यंत्राच्या मागणीपत्रातच वर्षभराच्या इलेक्ट्रोडचीही तरतूद करावी, नाहीतर यंत्र कपाटात राहील.

आपला,
विदर्भातील एका कापूस उत्पादकाचा मुलगा